खाण्याच्या विकारांशी झगडणाऱ्या मुलांबरोबर नाट्योपचार : तयारी, क्रम आणि टाळायच्या चुका

नाटकाची शिबिरे घेणारे प्रशिक्षक आणि शाळा-महाविद्यालयांतील समुपदेशक एक प्रश्न वारंवार विचारतात. खाणे जवळजवळ सोडून दिलेल्या, किंवा खाण्यावरचा ताबा सुटून नंतर अपराधीपणात बुडणाऱ्या मुलांसाठी नाटकाचे खेळ घेतले तर उपयोग होईल का? उपयोग होतो, पण क्रम चुकला तर अपायही होतो, आणि क्रम फार वेळा चुकताना मी पाहिला आहे. पहिल्याच दिवशी ‘आरसा’ हा समोरच्याच्या हालचालींची हुबेहूब नक्कल करण्याचा खेळ घेतला जातो, दुसऱ्या सत्रात मुलीला स्वतःच्याच घरातला प्रसंग उभा करायला सांगितले जाते आणि शेवटी पालकांसमोर प्रयोग ठेवला जातो. या तिन्ही गोष्टींत मुलाचे शरीर आणि त्याच्यावर खिळलेली नजर केंद्रस्थानी येते, आणि नेमके तेच मूल सहन करू शकत नसते. म्हणून मी माझ्या गटांत जो क्रम पाळतो, तो येथे कारणांसह देत आहे. हा क्रम सुमारे बारा साप्ताहिक सत्रांचा असून प्रत्येक सत्र सव्वा तासाचे असते.

टप्पा १ : सत्र ठरवण्याआधी डॉक्टरांचे लेखी उत्तर

हे विकार मनाचे असले तरी जिवाला धोका शरीराच्या वाटेने येतो. फार कमी खाणाऱ्या मुलाची नाडी मंदावते आणि उभे राहताच रक्तदाब उतरतो. वारंवार उलट्या होणाऱ्या मुलाच्या रक्तातील पोटॅशियम घसरून हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि असे मूल दिसायला अगदी ठणठणीत असू शकते. दीर्घ उपासमारीनंतर खाणे पुन्हा सुरू होते तेव्हा रक्तातील फॉस्फेट झपाट्याने उतरण्याचा धोका असतो, त्यामुळे ते दिवस पूर्णपणे रुग्णालयाच्या अखत्यारीतले असतात. त्या काळात गट सुरू करू नये.

मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ यांच्याकडून तीन प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. बसून करायचे काम चालेल का? उभे राहून हलकी हालचाल चालेल का? धावणे, उड्या, नाच चालेल का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा ‘नाही’ असे येते. ‘मला काही होत नाही हो’ असा मुलाने कितीही आग्रह धरला तरी ते उत्तर बदलू नये, कारण हालचालीची ही ओढ अनेकदा आजाराचाच भाग असते.

नाट्योपचार हा मुख्य उपचारांना जोड म्हणूनच द्यायचा असतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मुले व तरुण यांच्या ॲनोरेक्सियासाठी, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणे तोडण्याच्या विकारासाठी, पहिला उपचार म्हणून कुटुंबकेंद्रित उपचार सांगितला आहे. त्यात सुरुवातीला जेवणाची सूत्रे पालकांच्या हाती असतात. गटात प्रशिक्षक सहज म्हणून जातो, ‘तुझ्या शरीराचे निर्णय तू घे’. वाक्य ऐकायला चांगले असले तरी घरी आईवडील रोज जे कष्टाने सांभाळत आहेत, ते त्यामुळे एका संध्याकाळी ढासळू शकते. म्हणून उपचार करणाऱ्या चमूचे सध्याचे धोरण काय आहे, हे आधी समजून घ्यावे आणि त्याच्या विरोधात काहीही सूचित करू नये.

मूल अठरा वर्षांखालील असल्यास पालकांची लेखी संमती घ्यावी आणि मुलाला स्वतंत्रपणे विचारावे. गोपनीयतेची मर्यादाही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावी. मूल स्वतःच्या जिवाला धोका असल्याचे सुचवत असेल, किंवा लैंगिक अत्याचाराची माहिती पुढे आली, तर ती गटात ठेवता येत नाही. अत्याचाराच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याने माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक केले आहे.

तपासा : मूल सुस्त, तुटक बोलणारे, एकाच मुद्द्यावर अडणारे वाटत असेल, तर तो ‘विरोध’ आहे असे गृहीत धरू नये. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांना अपुऱ्या अन्नावर ठेवण्यात आले होते. तेही चिडचिडे आणि एकलकोंडे झाले आणि त्यांचे मन अन्नाच्या विचारांनी व्यापून गेले. उपाशी मेंदूला कल्पना करणे जड जाते. अशा मुलाला नाट्याआधी पोषण हवे असते.

टप्पा २ : खोली, वेळ, साहित्य आणि गट

नृत्यवर्गाची खोली मिळाली तर आरसे चादरींनी पूर्ण झाकावेत. अर्धे झाकलेले आरसे उघड्या आरशांहून अधिक त्रास देतात, कारण मुले उरलेल्या पट्टीत स्वतःला शोधत राहतात. खुर्च्या हात नसलेल्या आणि ऐसपैस असाव्यात. सत्राची वेळ चमूशी बोलून अशी ठरवावी की त्यामुळे कोणतेही जेवण किंवा मधले खाणे बुडणार नाही आणि जेवणानंतरच्या देखरेखीत खंड पडणार नाही. ‘नाटकाच्या क्लासला जायचे होते म्हणून खाल्ले नाही’ ही सबब आपल्याकडून पुरवली जाता कामा नये.

वेशभूषेचे कपडे आणू नयेत. मापाचा कपडा अंगात शिरतो की नाही, हा प्रश्न त्या खोलीत उभाच राहू नये. ओढण्या, उपरणी, टोप्या, काठी आणि जुन्या बटणांचा डबा एवढे साहित्य पुरते. आपल्याकडे खेळ म्हटले की भातुकली आठवते, पण निदान पहिल्या सहा सत्रांत ती बाहेर ठेवावी. शिबिरांतले हमखास विषय, म्हणजे हॉटेलातला वेटर, लग्नाची पंगत, भाजीबाजार, हेही यादीतून काढावेत. एकमेकांना उचलण्याचे आणि पाठीमागे झोकून देण्याचे ‘विश्वासाचे खेळ’ पूर्णपणे वर्ज्य समजावेत, कारण त्यांत मुलांना फक्त आपले वजन जाणवते.

गटात पाच ते सात मुले आणि दोन मोठी माणसे असावीत. तेरा-चौदा वर्षांची मुले आणि अठरा-एकोणीस वर्षांची मुले एकत्र बसवू नयेत. आजाराची तीव्रता फार वेगवेगळी असली तर ‘सर्वांत आजारी कोण’ अशी मूक स्पर्धा लागते. मुलगेही येतात, आणि त्यांच्या बाबतीत बारीक होण्याऐवजी पिळदार होण्याचे वेड असू शकते. आपल्याकडची पुष्कळ मुले ‘मला बारीक व्हायचे आहे’ असे म्हणतच नाहीत; पोट फुगते, भूकच लागत नाही, उपवास आहे, असे सांगतात. तुम्ही निदान करायला बसलेले नाही, तेव्हा त्यांच्या सांगण्याशी वाद घालू नये.

गटाचा नियम एकच, पण कडक असावा : वजन, मापे, कॅलरी, खाण्याचे प्रमाण आणि ‘मी काय करते’ याचे तपशील खोलीत येणार नाहीत. मुले एकमेकांकडून युक्त्या शिकतात, म्हणून हा नियम आहे, आणि हे कारण त्यांना मोकळेपणाने सांगावे.

टप्पा ३ : भूमिका घेण्याआधी भूमिका उतरवायला शिकवणे

हा टप्पा सर्वाधिक गाळला जातो. नट रंग उतरवल्याशिवाय घरी जात नाही, हे नाटकवाल्यांना सांगावे लागत नाही. तरीही तेच लोक उपचारगटात घड्याळाकडे पाहून प्रसंग अर्धवट सोडतात. सव्वा तासातली शेवटची वीस मिनिटे भूमिका उतरवण्यासाठी राखून ठेवावीत आणि काम कितीही रंगले तरी ती खर्चू नयेत.

पहिल्या सत्रात एवढेच शिकवावे. मूल ओढणी खांद्यावर घेते आणि म्हणते, ‘मी या गावचा पोस्टमन.’ दोन वाक्ये बोलते. मग ओढणी काढते, घडी करून टोपलीत ठेवते, जागा बदलते आणि स्वतःचे नाव, आजचा वार आणि घरी गेल्यावर करायची एक साधी गोष्ट सांगते. ओढणी फेकू नये, घडीच करावी, कारण घडी करण्याचा वेळ हाच बाहेर येण्याचा वेळ असतो. शेवटी, ‘त्या पोस्टमनमधले काय इथेच ठेवायचे आणि काय बरोबर न्यायचे?’ असे विचारावे.

तपासा : नाव सांगताना मूल अडखळले, डोळे शून्यात राहिले किंवा आवाज भूमिकेचाच राहिला, तर क्रिया पुन्हा करावी. पायांखालची फरशी जाणवते का, खोलीत निळ्या रंगाच्या किती वस्तू दिसतात, असे विचारावे. त्याशिवाय त्याला खोलीबाहेर सोडू नये.

टप्पा ४ : लांबून सुरुवात

ब्रिटिश नाट्योपचारक सू जेनिंग्ज यांनी बालकाच्या वाढीवरून देह, प्रक्षेपण आणि भूमिका असा क्रम मांडला. मूल आधी शरीराने खेळते, मग वस्तूंवर आपले मन आरोपित करते आणि मग सोंगे घेते. प्रशिक्षण घेऊन आलेले नवे कार्यकर्ते हाच क्रम जसाच्या तसा लावतात. या मुलांच्या बाबतीत मात्र देह हीच दुखरी जागा आहे. म्हणून सुरुवात प्रक्षेपणाने, म्हणजे वस्तू आणि गोष्टी यांनी करावी आणि देहाला सर्वांत शेवटी हात घालावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसऱ्या सत्रात बटणांचा डबा उघडावा. प्रत्येकाने पाच बटणे निवडून कागदावर एक गाव मांडावे. कोण कोणाजवळ आहे, कोण वेशीवर आहे, कोणाकडे कुलूप आहे, एवढेच विचारावे.

तिसऱ्या व चौथ्या सत्रात इस्राएली मानसतज्ज्ञ मूली लहाद यांची सहा चौकटींची गोष्ट घ्यावी. कागदाचे सहा भाग करून त्यांत क्रमाने नायक आणि त्याचे ठिकाण, त्याचे काम, त्याला मदत करणारे, अडथळा, अडथळ्याला तो कसा तोंड देतो आणि मग काय होते, हे चितारायचे असते. चित्र चांगले येणे गरजेचे नाही, हे दोनदा सांगावे, कारण यांतली पुष्कळ मुले परिपूर्णतेच्या ध्यासाने गांजलेली असतात.

इथली ठरलेली चूक म्हणजे गोष्टीचा अर्थ लावण्याची घाई. एका मुलीच्या गोष्टीत (तपशील बदललेले आहेत) नायक दीपगृहाचा राखणदार होता. दिवा विझू न देणे हे त्याचे काम होते. मदतनीसाची चौकट तिने कोरी ठेवली होती. ‘हा राखणदार म्हणजे तूच ना?’ असे विचारण्याचा मोह कोणालाही होईल. तसे विचारले असते तर तिने कागद दुमडून ठेवला असता. त्याऐवजी गोष्टीतच राहून विचारले, ‘रात्री त्याला डुलकी लागली तर दिवा कोण पाहतो?’ ती म्हणाली, ‘त्याला डुलकी लागतच नाही.’ आम्ही तिथेच थांबलो. पुढच्या आठवड्यात तिने आपणहून कोऱ्या चौकटीत तेलाचा डबा घेऊन येणारी एक होडी काढली. त्या होडीबद्दल आम्ही खूप बोललो, पण त्या मुलीबद्दल एकही शब्द काढला नाही, आणि त्या आठवड्याला तेवढे पुरेसे होते.

टप्पा ५ : विंगेतला आवाज

पाचव्या सत्रापासून आजाराला मुलापासून वेगळे करण्याचे काम सुरू होते. ‘समस्या म्हणजे माणूस नव्हे’ ही दृष्टी मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनात्मक उपचारांतून आली आहे आणि कुटुंबकेंद्रित उपचारातही ती वापरतात. नाटकात त्यासाठी आपल्याकडे एक तयार पात्र आहे : प्रॉम्प्टर, म्हणजे विसरलेली वाक्ये विंगेतून नटाला हळूच सांगणारा माणूस. तो प्रेक्षकांना दिसत नाही, पण नटाला सतत ऐकू येतो, आणि गोंधळलेला नट त्याचे वाक्य स्वतःचे म्हणून बोलून टाकतो. आजाराचा आवाज डोक्यात अगदी असाच चालतो, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही.

खोलीच्या एका बाजूला दोरीवर जुनी साडी टाकून विंग करावी. रंगमंचावर एक काल्पनिक पात्र असावे, त्याचे नाव आणि गाव गटाने ठरवावे. प्रॉम्प्टरची वाक्ये मुलांनी चिठ्ठ्यांवर लिहावीत, आणि प्रशिक्षकाने त्या आधी वाचून आकडे, पदार्थ, अवयव किंवा कृती यांचा उल्लेख असलेल्या चिठ्ठ्या बाजूला काढाव्यात. उरतात ती वाक्ये अशी असतात : ‘सगळे तुझ्याकडेच बघताहेत.’ ‘एवढंही जमत नाही तुला?’ ‘माझ्याशिवाय तुझं आहे कोण?’

पहिल्या फेरीत सहप्रशिक्षकाने साडीमागून वाक्ये सांगावीत आणि सर्वांनी नुसती ऐकावीत. दुसऱ्या फेरीत रंगमंचावरच्या नटाने प्रत्येक वाक्यानंतर थांबून म्हणावे, ‘हे वाक्य माझ्या संहितेत नाही.’ त्यात जोर नसला तरी चालेल. तिसऱ्या फेरीत त्याने त्या जागी स्वतःचे एखादे वाक्य बोलावे. ते शूर असण्याची गरज नाही. ‘मला भीती वाटते आहे, पण मी बसून राहणार आहे’ हे वाक्य घोषणेपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

चौथ्या फेरीत सूत्रधार येतो. अमेरिकी नाट्योपचारक रॉबर्ट लँडी यांच्या मांडणीत भूमिका, तिच्यासमोर उभी राहणारी प्रतिभूमिका आणि या दोहोंना जोडणारा मार्गदर्शक असतो. मराठी मुलांना तो मार्गदर्शक सूत्रधाराच्या रूपात लगेच कळतो. सूत्रधाराने प्रॉम्प्टरला शांतपणे प्रश्न विचारावेत : तू या नाटकात कधी आलास? तुला कोणी बोलावले? तू गप्प बसलास तर काय होईल अशी तुला भीती वाटते? या प्रश्नांना महत्त्व आहे, कारण आजारी मुलासाठी तो आवाज निव्वळ शत्रू नसतो. एकटेपणात, परीक्षेच्या ताणात, घरातल्या भांडणांत त्याने सोबत केलेली असते. त्याला राक्षस ठरवले की मूल मनातल्या मनात त्याची बाजू घेते.

सावधान : मुलाला प्रॉम्प्टरची भूमिका लगेच देऊ नये. ते बोलणे त्याला इतके तोंडपाठ असते की खोलीतल्या सर्वांत प्रभावी अभिनयाची नोंद आजाराच्या नावावर होते. ज्याने किमान दोनदा सूत्रधार केला आहे आणि ज्याच्या उपचारकांनी होकार दिला आहे, त्यालाच ती द्यावी, तीही तीन-चार मिनिटांसाठी. नंतर भूमिका उतरवण्याची क्रिया दोनदा करावी.

आणखी एक चूक उत्साहातून होते. सर्वांनी ओरडून प्रॉम्प्टरला हरवायचे, साडी ओढून काढायची, टाळ्या वाजवायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याच्या वेळी तो आवाज तिथेच असतो, आणि आपण हरलो असे मूल समजते. आवाज राहील, त्याचे वाक्य बोलायचे की नाही हे ठरवण्याइतकी जागा मिळेल, एवढेच गटात सांगावे.

टप्पा ६ : ‘तब्येत सुधारली हं!’

सातव्या-आठव्या सत्रात घरातले प्रसंग घ्यावेत, तेही काल्पनिक कुटुंबाचे. लग्न, बारसे, गणपती, दिवाळी अशा प्रसंगी नातेवाईक शरीरावर बोलतात, आणि बरे होऊ लागलेल्या मुलाला सर्वांत जास्त घायाळ करणारे वाक्य प्रेमाने उच्चारलेले असते : ‘तब्येत सुधारली हं!’ आत्याला कौतुक करायचे असते, पण मुलीला ‘जाड झालीस’ एवढेच ऐकू येते. ‘किती बारीक झालीस, छान दिसतेस’ या वाक्याचा अपाय तर उघडच आहे.

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांची प्रसंग थांबवून पुन्हा खेळण्याची पद्धत इथे योग्य ठरते. प्रसंग एकदा जसा घडतो तसा दाखवावा. दुसऱ्यांदा कोणीही ‘थांबा’ म्हणून नटाच्या जागी यावे आणि वेगळे काही करून पाहावे. उत्तर देणे, विषय बदलणे आणि एखाद्या ठरलेल्या माणसाकडे निघून जाणे, या तीन वाटा तरी सापडेपर्यंत प्रसंग खेळावा. निघून जाणे म्हणजे पळपुटेपणा नव्हे, हे इथे आवर्जून सांगावे.

मुलाला आईची भूमिका करायला लावण्याची घाई करू नये. मानसनाट्यातली, म्हणजे स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग उभे करण्याच्या उपचारपद्धतीतली, भूमिकांची अदलाबदल प्रभावी असते, परंतु आपल्यामुळे घर दुःखी आहे अशी या मुलांची आधीच खात्री असते, आणि आईच्या जागी उभे राहिल्यावर त्या अपराधभावाला पुरावा मिळतो.

पालकांची एक स्वतंत्र बैठक घ्यावी आणि तालीम त्यांनाही करायला लावावी. एका पालकाने आत्या व्हावे, दुसऱ्याने मध्ये पडून म्हणावे, ‘आत्या, आमच्या घरी आम्ही कोणाच्या शरीराबद्दल बोलत नाही. तिच्या चित्रांबद्दल विचारा ना.’ वडीलधाऱ्यांना असे सांगणे अनेकांना पहिल्यांदा जमतच नाही, म्हणून तालीम हवी. उपवास धरायचा की नाही, हा प्रश्न निघाला तर तो गटात खेळू नये. तो उपचार करणारा चमू आणि घर यांचा निर्णय आहे.

तत्काळ थांबावे, जर : चक्कर, छातीत धडधड, अंधारी येणे, हातपाय गार पडणे, किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलणे, यांपैकी काहीही दिसले. सहप्रशिक्षकाने त्या मुलाजवळ बसावे, पालकांना व डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. मूल बेशुद्ध पडले तर थेट रुग्णालय गाठावे. मानसिक आधारासाठी केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे, आणि हा क्रमांक प्रत्येक घरी लिहून द्यावा.

टप्पा ७ : शरीर सर्वांत शेवटी

नवव्या सत्राआधी शरीरकाम घेऊ नये, आणि डॉक्टरांचे उत्तर त्या आठवड्यात पुन्हा विचारून घ्यावे. सुरुवात आवाजाने करावी. नदीपलीकडच्या नावाड्याला हाक मारायची, मग कानात गुपित सांगायचे. श्वास आपोआप खाली उतरतो आणि ‘पोट आत-बाहेर होऊ दे’ असे म्हणण्याची वेळ येत नाही. त्यानंतर पाय : जमिनीवर उभा असलेला वारकरी, होडीत उभा असलेला कोळी. मग हात. प्रश्न नेहमी ‘हा हात काय करू शकतो?’ असा असावा, ‘कसा दिसतो?’ असा कधीही नसावा. डोळे मिटून शरीराचा एकेक भाग जाणवून घेण्याचा लोकप्रिय व्यायाम या मुलांना शांत करण्याऐवजी घाबरवू शकतो, म्हणून डोळे उघडे ठेवूनच काम करावे. न विचारता स्पर्श नाही. ‘चालेल’ हे उत्तर कुजबुजत आले तर तो नकार समजावा.

टप्पा ८ : समारोप आणि पुढची सोपवणूक

शेवटी प्रयोग ठेवू नये. स्पर्धेच्या एकांकिकांवर वाढलेल्या आपल्या रंगकर्मींना हे जड जाते, आणि पालकही ‘काहीतरी बघायला मिळू दे’ म्हणतात. पण प्रयोगानंतर लोक हमखास ‘किती सुंदर दिसत होतीस’ असे म्हणतात, आणि तीन महिन्यांचे काम पुन्हा दिसण्यापाशी येऊन थांबते. फोटो आणि व्हिडिओही नकोत. व्हॉट्सॲपवर गेलेला फोटो मूल रात्री मोठा करून पाहत बसते.

अकराव्या सत्रात गट संपत असल्याचे पुन्हा सांगावे, कारण निरोप अचानक आला तर जुना आवाज लगेच सोबतीला येतो. बाराव्या सत्रात प्रत्येकाने आपले एक बटण डब्यातून घ्यावे आणि गटाच्या वहीत स्वतःच्या संहितेतले एक वाक्य लिहून ठेवावे.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दर चार सत्रांनी अर्ध्या पानाची नोंद द्यावी. तिच्यात हजेरी, सहभाग, थकवा आणि काळजीची वाक्ये असावीत. गोष्टींचा मजकूर त्यात लिहू नये, धोका सूचित होत असेल तेवढाच अपवाद करावा. वजन वाढले का, हे तुम्ही विचारू नये आणि कोणी सांगितले तर गटात आणू नये. महिन्याभराने होणाऱ्या भेटीची तारीख शेवटच्या सत्राआधीच ठरवून पालकांच्या हाती द्यावी, आणि मधल्या काळात आजार उलटला असेल, तर त्या मुलाला आधी एकट्याने भेटून मगच इतरांसोबत बसवावे.